जुन्या होडीला रंग की फिल्म?

पावसाळी मासेमारीबंदीत (२०२५ साली महाराष्ट्रात ती १ जून ते ३१ जुलै होती) होड्या किनाऱ्यावर येतात आणि डागडुजीचा हिशेब सुरू होतो. मोटारींप्रमाणे आता होड्यांनाही व्हिनाइलची रंगीत फिल्म चिकटवतात. मग जुन्या होडीला काय करावे?

आम्ही कापडवाले. आधी ताणाबाणा पाहावा, रंग मागाहून, हा आमच्या धंद्याचा नियम इथेही लागू पडतो. जुन्या रंगावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढावी. पापुद्रे निघाले तर फिल्मही त्यांच्यासोबत निघेल. फिल्म खाचखळगे झाकत नाही, उलट उठून दाखवते.

लाकडी होडीला फिल्म लावूच नये. लाकूड फुगते, आकसते. फिल्मखाली ओल कोंडते आणि फळी कुजली तरी कळत नाही. तिला रंगच बरा. जाळी ओढणारी, धक्क्याला घासणारी नौका फायबरची असली तरी फिल्म फाटते. तिलाही इपॉक्सी प्रायमर आणि वर पॉलियुरेथेन रंग द्यावा.

गुळगुळीत फायबरची, पर्यटकांना फिरवणारी होडी असेल तर फिल्म परवडते. काम लवकर उरकते, फाटलेला तुकडाच बदलता येतो. मात्र ती पाण्याच्या रेषेच्या वरच लावावी. खाली शिंपले-शेवाळ रोखणारा खास रंगच हवा.

व्यापारी बंधूंनी केवळ चकाकी पाहून पैसा घालू नये. खलाशांचा जीव फळीच्या भरवशावर असतो. ती दरवर्षी डोळ्यांनी तपासता आली पाहिजे.