कामास योग्य माणूस

बीड जिल्ह्यातील नारायणगड या क्षेत्रास भाविक लोक 'धाकटी पंढरी' म्हणतात. ज्यांना पंढरपूरची वारी घडत नाही असे कित्येक जण एकादशीस गडावर येऊन दर्शनाचे समाधान मिळवितात. अशा क्षेत्राच्या वाटेवर नारळ, बुक्का, पेढे आणि चहाफराळ विकणाऱ्या एखाद्या दुकानाची कल्पना करावी. एरवी नवराबायको मिळून ते दुकान सुखाने चालवितात. परंतु एकादशीच्या दिवशी चार हातांनाही उरक होत नाही. गिऱ्हाईक ताटकळते, सुट्या पैशांचा घोळ होतो, दूध उतू जाते. रात्री दमलेला मालक ठरवितो की, आता एक माणूस ठेवलाच पाहिजे. आणि दुसऱ्या दिवशी जो पहिला मनुष्य दारात उभा राहतो, त्यास तो ठेवून घेतो. पुढील सर्व तक्रारींचे बी येथेच पेरले जाते. गरजवंतास अक्कल नसते ही म्हण काम मागणाऱ्यापेक्षा माणूस शोधणाऱ्यासच अधिक लागू पडते.

हजार माणसांच्या कारखान्यात एक मनुष्य अयोग्य निघाला, तर ती उणीव इतर माणसे भरून काढतात. दोघांच्या दुकानात तिसरा आला म्हणजे मात्र एक तृतीयांश कारभार त्याच्या हाती गेला. त्याच्या एका उर्मट शब्दाने दहा वर्षांचे गिऱ्हाईक तुटते. म्हणून व्यवसाय जितका लहान, तितकी माणसाची निवड अधिक विचाराने करावयास हवी.

बीड जिल्ह्यात माणसे कामास लावण्याची एक जुनी पद्धत आहे. तिच्यातून पुष्कळ शिकण्यासारखे आहे. या जिल्ह्यातील लक्षावधी माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. त्यांची टोळी जमविणारा मुकादम म्हणजे एक लहानसा व्यावसायिकच होय. नवराबायकोच्या जोडीस तो एक 'कोयता' धरतो आणि हंगामापूर्वी 'उचल' देऊन तिला बांधून घेतो. मुकादमाजवळ एक गुण निश्चित असतो: कोणाचा हात चलाख आहे, कोण आजारी असतो, कोण मध्येच निघून जातो, हे त्यास गावोगावच्या ओळखीने ठाऊक असते. परंतु त्याच्या पद्धतीचा पाया विश्वास नसून कर्ज हा आहे. उचल फिटली नाही तर ती पुढील हंगामावर चढते, आणि मग मनुष्य कामाच्या आवडीने नव्हे, तर देण्याच्या ओझ्याने राबतो. कोणी उचल घेऊन पळून जातो, कोणास बळाने अडवून ठेवले जाते. भांडणे होतात आणि दोन्हीकडे संशय वाढतो. कर्जापोटी माणसास राबविण्याची वेठबिगारी 1976 च्या कायद्याने रद्द झाली आहे. तथापि कायदा बाजूस ठेवला तरी धडा स्पष्ट आहे. आगाऊ पैशाने मनुष्याचे हात बांधता येतात, मन बांधता येत नाही; आणि दुकानात गिऱ्हाइकाशी गाठ पडते ती मनाची.

याच्या उलट उदाहरण किर्लोस्करवाडीचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. हक्काची बढती डावलली गेली म्हणून त्यांनी ती नोकरी सोडली आणि बेळगावास बंधूंसह सायकलींचे दुकान चालविले. पुढे लोखंडी नांगराचा कारखाना निघाला. बेळगावची जागा सोडणे भाग पडले, तेव्हा औंधच्या अधिपतींनी कुंडल रोड स्टेशनाजवळ माळरानाची जमीन दिली. तेथे 1910 साली अवघ्या पंचवीस-एक कामगारांच्या कुटुंबांसह ही वसाहत उभी राहिली. या माणसांची निवड पाहण्यासारखी आहे. अनंतराव फळणीकर यांचे शालेय शिक्षण अर्धवट राहिलेले होते. परंतु यंत्राच्या बाबतीत त्यांची बुद्धी कल्पक होती, आणि तेथे ते अभियंत्याच्या योग्यतेस चढले. हिशेबाची बाजू मंगेशराव रेगे यांनी सांभाळली. सर्वांत धाडसाची गोष्ट अशी की, पूर्वी शिक्षा भोगून आलेल्या माणसांस लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. प्रमाणपत्र पाहणाऱ्या मालकाने यांपैकी एकास तरी दारात उभे केले असते काय? लक्ष्मणरावांनी आधी काम ओळखले आणि मग त्या कामास लागणारा गुण ज्याच्यात दिसला, त्याच्यावर भरवसा टाकला.

म्हणून पहिली पायरी अशी की, माणूस शोधण्यापूर्वी काम कागदावर लिहून काढावे. 'दुकानात मदत' हे कामाचे वर्णन नव्हे. सकाळी किती वाजता यावयाचे, दूध तापवावयाचे की गल्ला सांभाळावयाचा, पोती उचलावी लागतील काय, गर्दीत गोड बोलावे लागेल काय, हे सर्व लिहावे. त्यानंतर त्यातून दोनच गोष्टी निवडाव्यात, ज्यांवाचून मुळीच चालणार नाही. गल्ल्यावर बसणाऱ्यास तोंडी हिशेब आणि शांत स्वभाव हवा. पेढे वळणाऱ्यास स्वच्छता आणि हातचे कसब हवे. सर्वगुणसंपन्न मनुष्य धुंडाळणाऱ्यास तो सापडत नाही, आणि सापडला तरी लहान दुकानात टिकत नाही.

दुसरी पायरी परीक्षेची. या विषयावर परदेशात पुष्कळ संशोधन झालेले आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1998 साली मागील 85 वर्षांच्या अभ्यासांचा आढावा घेतला. निवडीच्या वेळी केलेली परीक्षा आणि पुढे दिसलेले काम यांचा मेळ किती बसतो, हे त्यांनी मोजले. मेळ पूर्ण असेल तर 1 आणि मुळीच नसेल तर 0, असे ते माप आहे. शिक्षणाच्या वर्षांचा मेळ केवळ 0.10 भरला, आणि हस्ताक्षरावरून स्वभाव ओळखण्याच्या विद्येचा तर 0.02. उलट, प्रत्यक्ष काम करवून घेऊन केलेली परीक्षा 0.54 आणि सर्वांस तेच प्रश्न विचारणारी पद्धतशीर मुलाखत 0.51 भरली. पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 साली हे हिशेब पुन्हा तपासले तेव्हा पुष्कळ आकडे खाली आले; पण पद्धतशीर मुलाखत पहिल्या क्रमांकावर राहिली. म्हणजे सुवाच्य अर्जावर भाळू नये आणि मोकळ्या गप्पांवर विसंबू नये, एवढा बोध घेण्यास हरकत नाही.

आपल्याकडे ही गोष्ट 'शितावरून भाताची परीक्षा' या शब्दांत पूर्वीच सांगितलेली आहे. मात्र शीत त्याच भांड्यातले असले पाहिजे. गल्ल्यासाठी आलेल्या उमेदवारास पाच जिनसांचा हिशेब करून पाचशेच्या नोटेची मोड द्यावयास सांगावे. तिघे आले असतील तर तिघांसही तेच प्रश्न विचारावेत: 'गिऱ्हाईक म्हणते पैसे दिले, तुम्हास तर आठवत नाही, अशा वेळी काय कराल?' उत्तरे तेथल्या तेथे टिपून ठेवावीत, म्हणजे शेवटी आलेला तेवढा लक्षात राहतो, हा दोष टळतो. त्यानंतर एक-दोन दिवस प्रत्यक्ष काम द्यावे, आणि त्या दिवसांचा मोबदला अवश्य द्यावा. फुकट परीक्षा घेणाऱ्या मालकाचीही परीक्षा उमेदवार त्याच वेळी करीत असतो.

नात्यागोत्याचा प्रश्न नाजूक असतो. मेहुण्याचा मुलगा किंवा गावच्या कारभाऱ्याने धाडलेला मुलगा नाकारणे जड जाते. ओळख ही वाईट नव्हे. ओळखीने मनुष्याचा मागील इतिहास कळतो. परंतु ओळखीने दार उघडावे, आसन देऊ नये. नातलगासही तीच परीक्षा द्यावयास लावली, तर उत्तीर्ण झालेल्याचा मान वाढतो आणि अनुत्तीर्ण झालेल्यास कारण सांगता येते. जात पाहून निवड करणारा मालक अन्याय तर करतोच, शिवाय शंभरांतून निवडण्याऐवजी दहांतून निवडतो. आणि शाळकरी पोर स्वस्तात मिळते म्हणून ठेवणे हा गुन्हाच आहे; चौदा वर्षांखालील मुलास असे कामास ठेवता येत नाही.

तिसरी पायरी बोलीची. वेतन, सुट्टी, कामाचे तास, एकादशीच्या जादा कामाचा मोबदला, हे सर्व पहिल्याच दिवशी लिहून दोघांच्या सह्या कराव्यात. शासनाने ठरविलेल्या किमान वेतनाखाली तर जाताच येत नाही; पण त्याहून थोडे अधिक देणे हिशेबाच्या दृष्टीनेही हिताचे ठरते. नवा मनुष्य गेला की त्याच्यामागे शिकविण्याचे दिवसही वाया जातात. पहिला महिना कसोटीचा ठरवावा. परंतु कसोटी एकट्या नोकराची नसते. काम नीट न शिकविता 'मनुष्य निकामी निघाला' म्हणणे म्हणजे धडा न देता परीक्षा घेण्यासारखे आहे. चूक झाली तर गिऱ्हाइकांदेखत बोलू नये. दुकान बंद झाल्यावर सांगावे. एवढे करूनही जमले नाही, तर ठरलेले पैसे चुकते करून सन्मानाने निरोप द्यावा. लहान गावात गेलेला नोकर उद्या गिऱ्हाईक म्हणून येतो.

शेवटी, या निवडीत व्यापारापलीकडचेही काही गुंतलेले असते. गडाच्या परिसरातील एखाद्या जोडप्यास बारमाही, ठरल्या वेतनाचे काम मिळाले, तर त्यास उचल घ्यावी लागत नाही. दिवाळीनंतर त्याच्या दारास कुलूप लागत नाही आणि त्याचे मूल वर्षभर एकाच शाळेत बसते. हे दान नव्हे. योग्य माणूस योग्य कामावर बसला की मालकाचा व्यवहार आणि नोकराचा संसार दोन्ही एकाच वेळी सावरतात. दुकानदाराने एकादशीच्या आदल्या रात्री घाईने निर्णय करण्याऐवजी महिनाभर आधी शांतपणे कागद पुढे ओढावा आणि पहिला प्रश्न स्वतःस विचारावा: काम कोणते आहे? त्याचे उत्तर मिळाले म्हणजे माणूस ओळखणे तितकेसे अवघड राहत नाही.