न झालेल्या धावेची नोंद

अमेरिकी नौदलात माणसाच्या कामाचा अहवाल लिहिला जातो, तेव्हा त्या छापील अर्जातला वीस क्रमांकाचा चौकोन त्याच्या शरीरासाठी राखून ठेवलेला असतो. तिथे वाक्यं लिहायची नसतात, अक्षरं टाकायची असतात. चाचणी पास झाला तर 'पी', वैद्यकीय कारणाने सूट असेल तर 'एम'. आणि आणखी एक अक्षर आहे, 'एन'. त्याचा अर्थ, या काळात चाचणी झालीच नाही.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे नौदलाने वर्षातली पहिली सहामाही चाचणी रद्द केली आणि जुलैमध्ये दुसरीही. तीन लाखांहून अधिक माणसांचं धावणं थांबलं, पण बढत्या आणि अहवाल काही थांबणार नव्हते. ज्यांच्या अहवालाच्या काळात चाचणी बसलीच नाही, त्यांच्यासाठी हे एक अक्षर आधीपासून तयार होतं. मला याचं फार अप्रूप वाटतं. पास नाही, नापास नाही, आजारी नाही, तर 'घडलंच नाही' असं सांगायला कागदावर हक्काची जागा असणं ही मोठीच गोष्ट आहे. सरकारी कागदात रिकामा रकाना बहुतेक वेळा माणसाच्या विरोधातच वाचला जातो.

पण मुळात एखाद्याची धाव कागदावर उतरते कशी? याची गोष्ट १९६८ पासून सांगावी लागते. केनेथ कूपर हा अमेरिकी वायुदलातला डॉक्टर. शरीर प्राणवायू किती वापरू शकतं हे मोजायला तेव्हा प्रयोगशाळा लागे, फिरत्या पट्ट्यावर पळावं लागे, तोंडाला नळी लावून सोडलेली हवा गोळा करावी लागे. कूपरने वायुदलातल्या ११५ पुरुषांना मैदानात बारा मिनिटं पळवलं, कोण किती लांब गेला ते मोजलं आणि तो आकडा प्रयोगशाळेतल्या आकड्याशी ताडून पाहिला. दोन्ही इतके जुळले की महागडं यंत्र बाजूला ठेवून नुसतं घड्याळ आणि आखलेलं मैदान वापरता येईल हे सिद्ध झालं. पुढे त्यानेच दीड मैलाची चाचणीही रूढ केली. दीड मैल म्हणजे २.४ किलोमीटर. महामारीच्या वर्षांत भारतीय सैन्याच्या पीपीटी या शारीरिक चाचणीतही नेमकं हेच अंतर होतं. तिशीच्या आतला जवान ते ९ मिनिटांत संपवायचा तेव्हा 'एक्सलंट' ठरायचा, म्हणजे ताशी १६ किलोमीटरचा वेग. त्या वेगाला शरीर दर किलो वजनामागे मिनिटाला साधारण ५७ मिलिलिटर प्राणवायू जाळत असतं. फुप्फुसं, हृदय, रक्त, मांडीचे स्नायू, या सगळ्यांचा हिशेब एका घड्याळाच्या काट्यावर येतो!

आपल्याकडे तेव्हा पीपीटीच्या जोडीला बीपीईटी असायची. रायफल आणि अंगावरच्या सामानासह ५ किलोमीटर धाव, मग दोर चढणं आणि नऊ फुटी खड्डा. या दोन्हींचे निकाल अधिकाऱ्याच्या वार्षिक गोपनीय अहवालात जात. शेजारी त्याची वैद्यकीय श्रेणी असते, 'शेप'. मन, कान, हातपाय, एकूण शारीरिक क्षमता आणि डोळे यांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून तो शब्द बनलाय. जवान 'शेप-वन आहे' असं सांगतो तेव्हा पाचही अक्षरांपुढे एकचा आकडा आहे, असं तो सांगत असतो.

आता या चाचण्या महामारीत अडचणीच्या का ठरल्या ते पाहा. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत-बाहेर करतो. जीव तोडून पळणारा तरुण शंभर लिटरच्याही वर जातो. शे-दोनशे जण एका रेषेवर खांद्याला खांदा लावून उभे, सुटल्यावर एकमेकांच्या उच्छ्वासातून पळणारे, मग एकाच दोराला आळीपाळीने हात लावणारे. सिट-अप्स काढताना तर जोडीदार समोर बसून पाय दाबून धरतो, दोघांची तोंडं हातभर अंतरावर. श्वासाची ताकद मोजणारी ही चाचणी नेमकी श्वासातून पसरणाऱ्या रोगापुढे सापडली. योगायोग असा की अमेरिकी नौदलाने पोटाच्या त्या व्यायामाऐवजी प्लँक आणायचं आधीच ठरवलं होतं, कारण पाठीच्या दुखापती. २०२१ मध्ये चाचण्या पुन्हा सुरू झाल्या त्या प्लँकसह. पाय धरायला कुणी लागत नव्हतं.

आणि शरीर या सक्तीच्या विश्रांतीत काय करतं? १९६६ साली अमेरिकेतल्या डॅलसमध्ये पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवलं होतं. त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता सुमारे २७ टक्क्यांनी घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तरुणपणीच्या त्या तीन आठवड्यांनी जेवढी क्षमता नेली होती, तेवढी तीस वर्षांच्या वाढत्या वयानेही नेली नव्हती! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आकडे पुन्हा पुन्हा पाहिले. एप्रिल २०२० मध्ये भारतीय सैन्याने सुट्टीवरून परतणाऱ्या जवानांचे तीन रंग केले होते. चौदा दिवसांचं विलगीकरण पुरं केलेले हिरवे, ते पुरं व्हायचं असलेले पिवळे, लक्षणं दिसणारे लाल. विलगीकरण म्हणजे अंथरुणाला खिळणं नव्हे, खोलीतही जोर-बैठका होतात. तरी पहाटेची धाव तुटलेला पिवळ्यातला गडी हिरव्यात आला, की त्याचं शरीर लगेच जुन्या वेगाला येईल, असं कुणी धरून चालू नये. न झालेल्या चाचणीबद्दल मार्क न कापण्यात दया नाही, ते शरीरशास्त्राला धरूनच आहे.

हे झालं सैन्याच्या आत असलेल्यांचं. बुलढाणा जिल्ह्यात ही गोष्ट दाराबाहेर उभ्या असलेल्यांची आहे. इथे घाटावर जा नाहीतर घाटाखाली, गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर उजाडायच्या आत पोरं पळताना दिसतात. रस्त्यावर चुन्याच्या खुणा, दोन झाडांमध्ये बांधलेला लोखंडी पाइप म्हणजे बीम. त्यांचं अंतर १.६ किलोमीटर, म्हणजे एक मैल. त्या वर्षांतल्या भरतीत साडेपाच मिनिटांच्या आत आलेल्याला ६० मार्क मिळत, ५ मिनिटं ३१ सेकंदांपासून ५:४५ पर्यंत ४८. एका सेकंदाला बारा मार्क! बीमवर दहा पुल-अप्स काढले तर ४०, नऊ काढले तर ३३. म्हणून पोरं 'माझं ग्राउंड पाच-वीसचं आहे' असं नाव सांगावं तसं सांगतात.

महामारीत हे ग्राउंडच बंद पडलं. २०२०-२१ साठी देशभरात ९७ भरती मेळावे ठरले होते, झाले ४७. लेखी परीक्षा तर फक्त चार झाल्या. २०२१-२२ मध्ये ८७ ठरले, झाले चार, लेखी एकही नाही. त्याआधीच्या एका वर्षात सैन्याने ८० हजारांवर जवान घेतले होते. या दोन वर्षांत एकही नाही.

इथे 'एन' अक्षर कुणाकडे नव्हतं. जनरल ड्युटीसाठी वयाची अट तेव्हा साडेसतरा ते एकवीस होती, आणि वय ही अशी नोंद आहे की ती कोरोनात रद्द होत नाही. १४ जून २०२२ ला चार वर्षांसाठी जवान घेणारी अग्निपथ योजना जाहीर झाली, पोरं रस्त्यावर आली आणि दोनच दिवसांत सरकारने त्या एका वर्षापुरती मर्यादा तेवीस केली. जन्मतारखेची पहिली सीमा ठरली १ ऑक्टोबर १९९९. ही तारीख बारकाईने पाहण्यासारखी आहे. १ ऑक्टोबर २०२० ला बरोबर एकवीस वर्षं पुरी होणाऱ्या मुलाची ती जन्मतारीख आहे. दोन वर्षं गेली, दोन वर्षं परत दिली, हिशेब दिवसाला चोख बसतो. मला हे बरोबरच वाटतं, आणि अपुरंही वाटतं. २००० सालच्या शेवटी जन्मलेल्या पोराला नेहमीच्या काळात या दोन वर्षांत दोन संधी मिळाल्या असत्या. त्याला २०२२ ची एकच मिळाली. पुढच्या वर्षी मर्यादा पुन्हा एकवीसवर आली आणि तो बाहेर राहिला.

त्याहून कठीण गेलं ते मेळावा झालेल्यांना. ते पळाले होते, बीम मारला होता, मेडिकलही पास झाले होते, फक्त लेखी बाकी होती. अग्निपथ आल्यावर ती अर्धवट भरती रद्द झाली आणि त्यांना पहिल्यापासून अर्ज करायला सांगितलं गेलं. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल २०२३ मध्ये तिथेही याचिका फेटाळल्या गेल्या. अमेरिकी नौदलात आतल्यांनी न दिलेली चाचणी त्यांच्या विरोधात धरली गेली नाही, इथे बाहेरच्यांनी दिलेली चाचणी त्यांच्या बाजूने धरली गेली नाही. कायद्याच्या भाषेत भरती हा हक्क नसतो, हे खरं. तरी साडेपाच मिनिटांच्या आत आलेल्या पोराची ती वेळ कुठल्याशा रजिस्टरमध्ये लिहिलेली आहे, हेही तितकंच खरं.

औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, भरती कार्यालयाकडे बुलढाणा जिल्हा येतो. ऑगस्ट-सप्टेंबर २०२२ मध्ये तिथल्या विद्यापीठाच्या मैदानावर अग्निपथमधल्या जवानांचा, म्हणजे अग्निवीरांचा पहिला मेळावा झाला आणि बुलढाण्याची पोरं तिथे पळायला गेली. निवडलेल्यांची पहिली तुकडी वर्षाअखेर सैन्यात दाखल झाली. त्या पहिल्या तुकडीच्या पिढीतला बुलढाणा तालुक्यातल्या पिंपळगाव सराईचा अक्षय लक्ष्मण गवते ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनवर कर्तव्यावर असताना गेला. कर्तव्यावर प्राण देणारा तो पहिला अग्निवीर.

आता त्याच्या बरोबरीच्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीला संपतील. त्यांच्यातल्या २५ टक्क्यांपर्यंत जवानांना कायम केलं जाईल, बाकीचे सेवानिधी नावाची रक्कम घेऊन घरी परततील. निवड गुणवत्तेवर होणार आहे, आणि त्या गुणवत्तेत चार वर्षांच्या नोंदी आहेत. त्यात शारीरिक चाचण्याही आल्या. म्हणजे लॉकडाऊनमध्ये चुन्याच्या खुणांवर पळालेल्या पोरांसाठी धावेतला एकेक सेकंद आता आयुष्यभराच्या नोकरीत मोजला जाईल.