मागचे दार उघडे आहे का?

मार्च महिना म्हटला की आम्हाला महाडचे चवदार तळे आठवते. याच महिन्यातली न्यूयॉर्कची एक तारीखही कामगार घरांनी ध्यानात ठेवावी : २५ मार्च १९११.

त्या शनिवारी सुटी होण्याच्या सुमारास ट्रँगल शर्टवेस्ट या कपडे शिवण्याच्या कारखान्याला आग लागली. कामाला बहुतेक ज्यू आणि इटालियन गरीब मुली. नवव्या मजल्यावरचे एक दार कुलूपबंद. कारण काय, तर मुली माल चोरतील! बंबाच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोहोचल्या. १४६ जीव गेले, त्यात १२३ बायका-मुली. मालक मात्र कोर्टातून निर्दोष सुटले.

लोक नुसते रडत बसले नाहीत. ५ एप्रिलला भर पावसात लाखावर माणसे रस्त्यावर उतरली. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. त्यातून आगीपासून बचाव, कामाचे तास, बालमजुरी यांवर तीसहून अधिक कायदे झाले. ती आग डोळ्यांनी पाहिलेल्या फ्रान्सिस पर्किन्स १९३३ मध्ये अमेरिकेच्या मजूरमंत्री झाल्या.

बाबासाहेब १९१३ मध्ये याच शहरात शिकायला गेले. पुढे १९४२ ते १९४६ मजूर खाते त्यांच्याकडे होते. १९४६ च्या कायद्याने कारखान्यातला आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आला.

बंधू-भगिनींनो, आपल्या लेकी-सुना आजही शिवणकारखान्यांत जातात. आज घरी एवढेच विचारा : कामाच्या जागी मागचे दार उघडे असते का? नसेल, तर एकट्याने नव्हे, दहाजणांनी मिळून बोला. जयभीम!