वारीला कॅमेरा न्यायचाय? बॉडीआधी लेन्सचं वजन बघा

आषाढी जवळ आली की गावागावातली पोरं कॅमेऱ्याची चौकशी सुरू करतात. पहिला प्रश्न ठरलेला, किती मेगापिक्सेल? चालत जाणाऱ्यानं हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. गळ्यात दोन किलो लोंबकळत असेल तर दोन-चार दिवसांत कॅमेरा सामानाच्या ट्रकमध्ये जातो आणि फोटो मोबाइलवरच निघतात. मग पाऊण लाख घातले कशाला?

वजनाचं मूळ सेन्सरमध्ये आहे. सेन्सर म्हणजे बॉडीतली ती चकती, जिच्यावर फोटो उमटतो. फुल फ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, एपीएस-सीचा साधारण २३.५ बाय १५.६. सेन्सर मोठा तशी लेन्सही मोठी. रिंगणातला अश्व लांबून टिपायचा तर ३०० मिलिमीटरची झूम लागते. सोनीची फुल फ्रेमची ७०-३०० लेन्स एकटीच ८५४ ग्रॅम भरते. एपीएस-सीला ५५-२१० लेन्स तेवढंच जवळ आणते, वजन ३४५ ग्रॅम. एक मात्र खरं, अंधारात लहान सेन्सरच्या फोटोत दाणे लवकर दिसतात.

त्यावर उपाय लेन्समध्येच आहे. २०१४ साली आलेला सोनी ए६००० जुन्या बाजारात सापडतो. बॅटरी-कार्डासकट ३४४ ग्रॅम. सोबतची १६-५० किट लेन्स ११६ ग्रॅम. पण ही लेन्स ५० वर नेली की एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. त्याच ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स जवळपास दहापट उजेड आत घेते. रात्रीच्या कीर्तनात, पहाटेच्या काकड्याला हाच फरक दिसतो. ही लेन्स २०२ ग्रॅमची, आणि तिच्यात हाताची थरथर सावरायची सोय आहे, जी ए६००० च्या बॉडीत नाही. म्हणजे बॉडी आणि तिन्ही लेन्स मिळून किलोभर! दिवे घाटातली अख्खी दिंडी एका फोटोत घ्यायची तर मोबाइल आहेच, त्यासाठी वेगळी लेन्स घेऊ नका.

म्हणून पैसे कमी असतील तर बॉडी जुनी घ्या, लेन्सवर खर्च करा. पुढं त्याच माउंटची नवी बॉडी घेतली तरी लेन्स कामाला येते.

जुनी लेन्स घेताना मोबाइलची बॅटरी लावून आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, सौदा तिथंच मोडा. विकणारा कितीही म्हणाला पुसलं की जातं, तरी. बॉडीचं शटर किती वेळा पडलंय ते विचारा, बिलावरचा नंबर बॉडीवरच्या नंबराशी ताडून पाहा.

राहिला पाऊस. ए६००० ला पाण्यापासून संरक्षण नाही. जाड प्लॅस्टिकची पिशवी, लेन्सच्या तोंडापुरतं भोक आणि रबर, एवढ्यावर भागतं. भुरभुर चालू असताना लेन्स बदलू नये. मुक्कामाला पोचल्यावर ओला कॅमेरा तसाच बॅगेत कोंबू नका, आधी कोरड्या फडक्यानं पुसून वारा लागू द्या. घरी आल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. बियाण्याला ओल लागू देत नाही, तशीच लेन्सलाही लागू द्यायची नाही. पुड्या ओलावल्या की बदलायच्या, पावसाळाभर.