दुकानाच्या संगणकावरील आयकॉन रोज सकाळी जागा का सोडतात?

कापडाच्या दुकानात मालाची जागा ठरलेली असते. आमच्या नांदेडच्या दुकानात वीज गेली तरी पोरगा अंधारात हात घालून लट्ठ्याचे थान काढून देतो, कारण लट्ठा तिसऱ्या फळीवर डाव्या हाताला, हे त्याच्या हाताला ठाऊक आहे. लातूरच्या गंजगोलाईत १६ रस्ते येऊन मिळतात. फय्याजुद्दीन यांनी आखलेल्या त्या चौकात परगावचा माणूस पहिल्यांदा गोंधळतो. पण रोजच्या गिऱ्हाईकाला सोने कुठल्या रस्त्याला, चपला कुठल्या आणि मिरची-गूळ कुठल्या, हे पाटी न वाचता समजते. एखाद्या रात्री कोणी ही सगळी दुकाने उचलून इकडची तिकडे ठेवली तर सकाळी बाजाराचे काय होईल? आमच्या संगणकाच्या पडद्यावर गेल्या हंगामात हेच होत होते. त्यात आमच्या हिशोबाचा घोळ झाला, आणि हिशोबापेक्षा मोठे नुकसान होता होता राहिले. आपल्या बऱ्याच व्यापारी बांधवांच्या दुकानात आता अशीच यंत्रे आली आहेत, म्हणून हा तजुर्बा येथे मांडत आहोत.

आधी यंत्राविषयी थोडे. आमच्याकडे दोन जुने संगणक आहेत, एक नांदेडला आमच्या पेढीवर आणि एक लातूरला धाकट्या भावाच्या दुकानात. दोन्हींवर विंडोज १० होते. त्याचा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. विंडोज ११ आमच्या यंत्रांवर बसेना, कारण त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि आमच्या यंत्रांत ती नाही. नवीन दोन संगणक घ्यायचे तर हंगामाच्या तोंडावर तेवढी रक्कम मालातून काढावी लागणार. आमचा भाचा अभियांत्रिकीला आहे. तो म्हणाला, "मामू, लिनक्स टाकू, यंत्रे अजून पाच वर्षे चालतील." लिनक्स म्हणजे १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने सुरू केलेली आणि पुढे जगभरच्या लोकांनी वाढवलेली प्रणाली. तिला परवान्याचे पैसे पडत नाहीत. भाच्याने दोन्हीकडे लिनक्स मिंटची हलकी, एक्सएफसीई नावाच्या डेस्कटॉपची आवृत्ती बसवली. हिशोबाला लिबरऑफिस. काम उत्तम चालू लागले आणि यंत्रेही पूर्वीपेक्षा चपळ झाली, हे कबूल केले पाहिजे.

आता मुनीमजींविषयी. आमचे मुनीमजी वडिलांच्या वेळचे आहेत. रोजमेळ ते अजूनही आधी उर्दूत वहीवर लिहितात आणि मग संगणकावर चढवतात. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सुरत येथून येणारा माल नांदेडला उतरतो आणि त्यातला काही लातूरला जातो, म्हणून दोन्ही दुकानांची बिले नांदेडलाच त्यांच्या हाताखालून जातात. दोन पेढ्या वेगळ्या, दोन्हींचे जीएसटी क्रमांक वेगळे, म्हणून फाइलीही दोन. त्या दोन फाइलींचे आयकॉन पडद्यावर अगदी एकसारखे दिसत. खाली बारीक अक्षरात नावे होती. पण मुनीमजींचा एका डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा राहिला आहे. त्यांना नाव वाचायची गरजही नव्हती. उजव्या कोपऱ्यात वरचा आयकॉन नांदेडचा आणि खालचा लातूरचा, एवढे त्यांनी पक्के केले होते. आयकॉन उजवीकडे ठेवायचे हा हुकूम आमचाच. ज्याचे शिक्षण उर्दूत झाले त्याची नजर कागदाच्या उजव्या बाजूने सुरू होते; आमचीही होते. (भाच्याने एकदा आम्हांला खूश करायला संगणकाची भाषाच उर्दू करून टाकली होती. तेव्हा सगळे मेनू उलट्या बाजूने उघडू लागले. दुकानातल्या पोरांना काहीच सापडेना, म्हणून संध्याकाळपर्यंत ती पुन्हा मराठी करावी लागली.)

रमजानच्या हंगामात एके दिवशी लातूरची अकरा बिले नांदेडच्या फाइलीत चढली. तीन दिवसांनी पुन्हा तेच, या वेळी उलटे. लातूरहून भावाचा फोन आला की साठ्याचा मेळ बसत नाही. महिन्याचा जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरायचा असतो, आणि एकदा भरला की तो मागे घेता येत नाही. चूक सुधारायची तर वेगळी दुरुस्ती दाखवत बसावे लागते. एका पेढीची विक्री दुसऱ्या पेढीच्या नावावर गेली असती, तर दोन्हीकडच्या गिऱ्हाईक व्यापाऱ्यांचे क्रेडिट अडकले असते. डोक्यात एवढे सगळे असताना आम्ही मुनीमजींना बोललो, आणि चारचौघांत बोललो. ते एवढेच म्हणाले, "मियाँ, मी जागा पाहूनच बटण दाबले." चष्मा घडी करून डबीत ठेवला आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. चाळीस वर्षांत असे झाले नव्हते.

त्यांच्या खुर्चीवर आम्ही स्वतः बसलो तेव्हा उलगडा झाला. सकाळी पडदा उजळला तर नांदेड आणि लातूर दोन्ही आयकॉन उजव्या कोपऱ्यातून नाहीसे! डावीकडच्या रांगेच्या शेजारी, कुठेतरी मधेच, एकाखाली एक बसलेले. लातूर वर, नांदेड खाली. आम्ही ते माऊसने ओढून जागेवर नेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच तमाशा. तिसऱ्या दिवशी मात्र सगळे ठीक. ज्या दिवशी ठीक असते त्या दिवशी दोष सापडत नाही, आणि अशी यंत्रे मेकॅनिकसमोर नेमकी ठीकच वागतात. एका दुरुस्तीवाल्याने सगळे पुसून नव्याने बसवून दिले आणि पैसे घेतले. दोन दिवस बरे गेले.

मग आम्ही लातूरला फोन केला. भाऊ म्हणाला, "भाईजान, आमच्याकडे तर एकही आयकॉन हललेला नाही." यंत्र तेच, एकाच दिवशी घेतलेले, लिनक्सही त्याच पेनड्राइव्हने टाकलेले. मग फरक कशात? याचे उत्तर फोनवर मिळेना, तेव्हा भाच्याला घेऊन आम्ही लोहा-अहमदपूरमार्गे लातूरला गेलो आणि सकाळी भाऊ दुकान कसे उघडतो ते नुसते उभे राहून पाहिले. त्याने यूपीएसचे बटण दाबले. मॉनिटर आणि सीपीयू दोन्ही त्याच यूपीएसवर, दोन्ही एकदमच जागे झाले.

नांदेडला तसे नव्हते. आमच्या यूपीएसला तीनच जागा. एकीत सीपीयू, दुसरीत बिलाचा प्रिंटर, तिसरीत इंटरनेटचा डबा. मॉनिटरची पिन भिंतीवरच्या बोर्डात. पोरगा शटर उघडून आधी यूपीएस आणि सीपीयू चालू करी, मग झाडलोट, मग पाण्याचा माठ, आणि आठवण झाली की मॉनिटर. कधी आधी, कधी नंतर. म्हणून काही दिवस ठीक, काही दिवस घोळ. ही जोडणी कोणा मेकॅनिकने केली नव्हती. ती आम्हीच आमच्या हाताने केली होती.

यात होते काय, ते भाच्याने समजावले. संगणक चालू होताना मॉनिटरला विचारतो की तुझे माप किती. मॉनिटर तारेवरून उत्तर देतो. आमच्या मॉनिटरचे माप १६०० बाय ९००, म्हणजे आडवे १६०० आणि उभे ९०० ठिपके. पण मॉनिटर बंद असेल आणि उत्तर आलेच नाही, तर संगणक अंदाजाने एखादे लहान माप धरतो. आमच्याकडे १०२४ बाय ७६८. आता १६०० ठिपके रुंद पडद्याच्या उजव्या टोकाला ठेवलेला आयकॉन १०२४ रुंदीच्या पडद्यात बसणार कसा? मोठ्या गाळ्यातला माल लहान गाळ्यात हलवला की उजव्या भिंतीची कपाटे मधे आणावी लागतात, तसे संगणक तो आयकॉन उचलून मिळेल त्या मोकळ्या जागी ठेवतो. डावीकडच्या आयकॉनना काही होत नाही, कारण त्यांची जागा दोन्ही मापांत असते. म्हणजे आमच्या उजवीकडच्या आवडीनेच ते दोन आयकॉन धोक्याच्या जागी नेऊन ठेवले होते! नेमके तेच दोन हलले याचे कारण हेच.

पुढे मॉनिटर चालू झाला की माप पुन्हा मोठे होते, मग आयकॉन परत का जात नाहीत? आमच्याकडील एक्सएफसीई ४.१८ प्रत्येक मापाची वेगळी फाइल ठेवते. होम फोल्डरमध्ये 'डॉट कॉन्फिग' हे दडलेले फोल्डर असते (कंट्रोल आणि एच दाबले की दिसते), त्यात 'एक्सएफसीई४' आणि त्यात 'डेस्कटॉप'. तेथे प्रत्येक फाइलीच्या नावातच पडद्याचे माप लिहिलेले दिसते. जणू प्रत्येक मापाची वेगळी खतावणी. माप परत आले की योग्य खतावणी उघडावी असा बेत आहे, आणि पुष्कळदा तसे होतेही. पण चालू होण्याच्या त्या अर्ध्या मिनिटात माप बदलते, खालची पट्टी म्हणजे पॅनल थोडे मागून येते आणि त्यामुळे मोकळी जागा पुन्हा बदलते. या गडबडीत विस्कटलेली मांडणीच कधी कधी मोठ्या मापाच्या खतावणीत उतरते. एकदा तशी उतरली की दुसऱ्या दिवशी सगळे वेळेवर चालू केले तरी तीच चुकीची मांडणी समोर येते. नव्या आवृत्त्यांत फाइलींची रचना वेगळी असू शकते, तेव्हा नावे तंतोतंत जुळली नाहीत तर घाबरू नये.

इलाज साधा निघाला. पहिला म्हणजे मॉनिटर आधी, सीपीयू नंतर. प्रिंटरची पिन भिंतीवर नेली आणि मॉनिटर यूपीएसवर घेतला. दुसरा, तार बदलली. आमची जुनी व्हीजीए तार स्वस्तातली होती. व्हीजीएच्या टोकाला १५ टाचण्यांची जागा असते. मापाची बातचीत त्यातल्या बाराव्या आणि पंधराव्या टाचणीवरून होते, आणि नववीवरून ५ व्होल्ट जातात, ज्यामुळे काही मॉनिटर बंद असतानाही आपले माप सांगू शकतात. आमच्या तारेत नववी टाचणी नव्हतीच. चांगली तार घेणाऱ्याने टोक उजेडात धरून पाहावे.

तिसरी गोष्ट, मांडणी एकदा मनासारखी लावून त्या मापाची फाइल पेनड्राइव्हवर ठेवली. पुन्हा विस्कटले तर ती प्रत जागेवर ठेवून डेस्कटॉपचा प्रोग्राम पुन्हा चालू करायचा. आतापर्यंत एकदाच लागली, आणि तीही पोराने उजव्या बटणाच्या मेनूतले 'आयकॉन नीट लावा' अशा अर्थाचे कलम हौसेने दाबले म्हणून. ते कलम आपल्या नव्हे, संगणकाच्या मनाप्रमाणे रांग लावते. त्याला हात लावू नये.

ज्यांच्याकडे मिंटची सिनॅमन आवृत्ती आहे त्यांनी आधी 'ऑटो अरेंज' चालू नाही ना ते पाहावे. ते चालू असेल तर तुम्ही कितीही ओढा, आयकॉन परत रांगेत जाणार. केडीई प्लाझ्मामध्ये आयकॉन जागेवर कुलूपबंद करण्याचे कलम आहे आणि क्रमवारी बंदही ठेवता येते. जीनोमवाल्यांनी २०१८ मध्ये डेस्कटॉपवर आयकॉन ठेवण्याची सोयच मूळ प्रणालीतून काढून टाकली, त्यामुळे उबुंटूसारख्यांना ती वरून जोडावी लागते. गिऱ्हाईकांना डिझाइन दाखवायला दुकानात दुसरा पडदा किंवा टीव्ही जोडणाऱ्यांनी मुख्य पडदा कोणता ते सेटिंगमध्ये ठरवून टाकावे, नाहीतर आयकॉन टीव्हीवर जाऊन बसतात. विंडोजवरही माप बदलले की हा त्रास होतो. लिनक्सला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही.

पण पैशाचे काम ज्या आयकॉनवर आहे तो डेस्कटॉपवर ठेवूच नये, असे आमचे मत झाले आहे. आम्ही दोन्ही फाइलींचे लाँचर करून खालच्या पॅनलवर बसवले. पॅनलवरची वस्तू मापाबरोबर रांग मोडत नाही. तीही उजव्या टोकाला! आणि दोघांची चित्रे वेगळी केली: नांदेडला हिरवे, लातूरला लाल. लाँचरवर उजवे बटण दाबून त्याच्या गुणधर्मांत चित्र बदलता येते, पाच मिनिटांचे काम आहे. हे पहिल्याच दिवशी केले असते तर पुढचे काही घडले नसते, पण तेव्हा कोणाला सुचले नाही.

लातूरहून परतल्यावर त्याच संध्याकाळी आम्ही मुनीमजींच्या घरी गेलो. चूक आमच्या वायरिंगची होती, तुमची नव्हती, हे सांगितले. ते म्हणाले, "मियाँ, तुम्ही दुकानात बोलला होता." बरोबर होते. दुसऱ्या दिवशी दुकानात, त्याच पोरांसमोर आणि त्या दिवशी हजर असलेल्या एका दलालाला मुद्दाम बोलावून, आम्ही ते पुन्हा सांगितले. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि चुकीच्या फाइलीत चढलेली सगळी बिले आपल्या उर्दू रोजमेळाशी एकेक करून ताडली. वहीत एकही चूक नव्हती. अकरा तारखेच्या आत दोन्ही रिटर्न गेले.

आता आमच्या स्विचबोर्डावर त्यांच्या वळणदार अक्षरात उर्दूत एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: पहिले पडदा, मग डबा. लातूरला तिची गरज नव्हती, तरी भावाने तशी एक मागून नेली.