दारू सोडल्यानंतरची तिसरी रात्र

आषाढी अमावास्येला, म्हणजे लोकांच्या भाषेत गटारीला, शेवटचा ग्लास रिकामा करायचा आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण पाळायचा, ही महाराष्ट्रातल्या अनेक घरांतली रीत. अधूनमधून पिणाऱ्याला त्याचं फारसं काही वाटत नाही. पण ज्याची सकाळच घोटाशिवाय सुरू होत नाही, अशा माणसाने त्याच उत्साहात बाटली खाली ठेवली, तर श्रावणाचा पहिलाच दिवस जड जातो. चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. दरदरून घाम सुटतो, पोटात ढवळतं, छाती धडधडते, झोप लागत नाही. घरच्यांना वाटतं, नाटकं सुरू झाली. त्याला वाटतं, एक घोट घेतला की सगळं थांबेल. दुर्दैवाने तेवढ्यापुरतं ते खरंही असतं, आणि व्रत तिथेच मोडतं.

या त्रासाचं मूळ मेंदूत आहे. मेंदूला शांत करणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचा प्रभाव दारू वाढवते आणि चेतवणाऱ्या ‘ग्लुटामेट’चा प्रभाव दाबते. वर्षानुवर्षं रोज हेच घडलं, की तोल राखण्यासाठी मेंदू उलट बाजूने जोर लावायला शिकतो. रस्सीखेचीत समोरच्यांनी एकाएकी दोर सोडला की इकडचा संघ मागे कोसळतो, तसं दारू एकदम बंद झाल्यावर होतं. चेतवणारी बाजू मोकाट सुटते.

तिचं वेळापत्रक डॉक्टरांना चांगलं ठाऊक असतं. शेवटच्या घोटानंतर साधारण सहा तासांपासून थरथर सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी, काही जणांना ‘डेलिरियम ट्रेमेन्स’ होतो. डॉक्टर त्याला नुसतं ‘डीटी’ म्हणतात. माणसाला दिवस की रात्र कळत नाही, भिंतीवर किडे चालताना दिसतात, ताप आणि रक्तदाब वाढतो, तो घाबरून अंगावर धावून जातो. बहुतेकांची गाडी इथवर जात नाही. पण ज्यांची जाते, त्यांना वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर जिवावर बेतू शकतं. पाय मोडून वॉर्डात दाखल झालेला माणूस तिसऱ्या रात्री सलाईनची सुई उपसून पळायला लागतो, तेव्हा अनेकदा कारण हेच असतं. दाखल करताना नातेवाइकांनी लाजेपोटी ‘कधीतरी घेतात’ एवढंच सांगितलेलं असतं.

२०२० च्या टाळेबंदीत दारूची दुकानं एका रात्रीत बंद झाली, तेव्हा हा प्रश्न देशभर उघडा पडला. केरळ सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला. डॉक्टरांनी त्याला विरोध केला आणि उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. डॉक्टरांचा आक्षेप रास्त होता, कारण या त्रासावर चांगली औषधं आहेत. क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम, लोरझेपाम यांसारखी औषधं मेंदूची शांत बाजू तात्पुरती सावरून धरतात आणि बहुधा आठवडाभरात मात्रा उतरवत बंद केली जातात. त्यांचीही सवय लागू शकते आणि दारूबरोबर घेतली तर श्वास मंदावतो. म्हणून ती ओळखीच्या केमिस्टकडून आणून स्वतःच सुरू करायची नसतात.

दुसरं औषध साधं आहे, ब जीवनसत्त्वातलं थायमिन. रोज पिणाऱ्यांच्या शरीरात ते बहुधा कमी पडलेलं असतं. ‘अशक्तपणा आलाय, एक ग्लुकोजची बाटली लावा’ हा आग्रह गावोगावी चालतो. पण थायमिन न देता ग्लुकोज चढवलं, तर असलेला साठाही संपू शकतो. मग तोल जाणं, डोळ्यांची हालचाल बिघडणं, गोंधळणं आणि पुढे कायमचा स्मृतिभ्रंश. म्हणून थायमिनचं इंजेक्शन आधी.

घरी राहून सोडायची की दाखल व्हायचं, हे डॉक्टरांनी तपासून ठरवायचं. आधी कधी फिट किंवा डीटी झालेला, यकृताचा वा हृदयाचा आजार असलेला, उतारवयाचा आणि एकटा राहणारा, यांनी घरी धाडस करू नये. मागच्या वेळी नुसती थरथर झाली म्हणून यंदाही तेवढंच होईल, असं नसतं. सोडणं आणि पुन्हा धरणं जितक्या वेळा होतं, तितका पुढचा त्रास तीव्र होण्याची शक्यता वाढते.

घरी ठेवायचं ठरलं, तर सोबत हवी ती जागणाऱ्या माणसाची. बायको, भाऊ, मित्र, कुणीही. या सोबत्याने पहिली गोष्ट करायची ती म्हणजे शेवटचा घोट किती वाजता घेतला, ते कागदावर लिहून ठेवायचं. डॉक्टरांना लागणारा सगळा हिशोब तिथून सुरू होतो. गोळ्या सोबत्याकडे राहाव्यात. ताक, पेज, लिंबूपाणी थोडं थोडं देत राहावं. खोलीत रात्री मंद दिवा असावा, कारण अंधारात भास वाढतात. भास झालाच तर ‘तिथे काही नाही’ म्हणून हुज्जत घालू नये. ‘मी इथेच आहे’ एवढं पुरतं, आणि लगेच डॉक्टरांना कळवावं. फिट आली तर कुशीवर वळवावं, तोंडात काही घालू नये आणि १०८ ला फोन करावा. कांदा, चप्पल हुंगवण्यात वेळ जातो. विकलेल्या दागिन्यांचा आणि बुडालेल्या पगाराचा विषय या चार दिवसांत काढू नये. तो राग खोटा नसतो, पण ऐकणाऱ्याचा मेंदू तेव्हा जाग्यावर नसतो.

‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा भिंतीवरच्या जाहिराती मात्र धोक्याच्या. डायसल्फिरामसारखं औषध भाजीत मिसळून दिलं आणि तो बाहेर प्यायला, तर उलट्या, धडधड आणि रक्तदाब घसरून प्राणही जाऊ शकतो.

मदत कुठे मिळते, हे आधीच विचारून ठेवलेलं बरं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे आणि मानसिक त्रासासाठी टेलिमानस १४४१६. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं ‘मुक्तांगण’ आहे. ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’च्या सभा अनेक शहरांत भरतात, तिथे फी नसते आणि आडनाव विचारत नाहीत.

पाचव्या-सहाव्या दिवशी बहुतेकांचे हात स्थिर होतात, भूक लागते, पोरांशी दोन शब्द बोलावेसे वाटतात. ‘आता मी बरा आहे’ म्हणून पुढची तपासणी नेमकी याच वेळी टाळली जाते. झोप मात्र ताळ्यावर यायला काही आठवडे लागतात आणि रात्री दोन वाजता जागा झालेला माणूस एकटा असतो. त्या वेळी कुणाला फोन करायचा, तो नंबर सभेतल्या एखाद्याकडून आधीच घेऊन उशाशी ठेवतात. आणि चार रात्री जागलेल्या सोबत्यालाही आता कुणीतरी झोपायला पाठवायला हवं असतं.