दवाखान्याचे यंत्र मिळाले, पण चालवणार कोण?

वस्तीत आरोग्याचे काम करणाऱ्या मंडळाकडे, ट्रस्टकडे किंवा विहार समितीकडे कधी ना कधी एक प्रस्ताव येतो. एखादी कंपनी किंवा मोठा ट्रस्ट विचारतो, “तुम्हाला काय हवे? रुग्णवाहिका देऊ, तपासणीचे यंत्र देऊ, खोली बांधून देऊ.” असा प्रस्ताव आला की सगळ्यांना आनंद होतो. पण होकार देण्याआधी समितीने एक संध्याकाळ बसून विचार केला पाहिजे. तो विचार कशाचा करायचा, हे सांगण्यासाठी हा लेख.

भांडवली अनुदान म्हणजे काय?

इमारत, दुरुस्ती, यंत्रे, फर्निचर, वाहन अशा टिकाऊ वस्तूंसाठी एकदाच मिळणाऱ्या मदतीला भांडवली अनुदान म्हणतात. डॉक्टर-नर्सचा पगार, वीजबिल, औषधे, डिझेल, साफसफाई हा चालू खर्च. तो दर महिन्याला येतो आणि भांडवली अनुदानात सहसा बसत नाही.

आपल्या घरातलेच उदाहरण घ्या. उज्ज्वला योजनेत गॅसची जोडणी मिळाली, शेगडी आली. पण सिलिंडर संपला की तो भरून आणण्याचा खर्च घरालाच करावा लागतो. ज्या घरात तेवढे पैसे जमले नाहीत, तिथे शेगडी कोपऱ्यात आणि चूल पुन्हा पेटलेली. दवाखान्याचेही असेच होते. यंत्र दान मिळते, फोटो निघतो, पाटी लागते. पुढे ते यंत्र चालवायला माणूस नसेल तर त्यावर धूळ बसते, आणि वस्तीतली गरोदर बाई पूर्वीसारखीच दोन बस बदलून सरकारी रुग्णालयात जाते.

परळची दोन रुग्णालये

मुंबईत राहणाऱ्या आपल्या अनेक कुटुंबांत वाडिया रुग्णालयात जन्मलेले कोणी ना कोणी असेल. नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह १९२६ साली आणि बाई जेरबाई वाडिया मुलांचे रुग्णालय १९२९ साली सुरू झाले. वाडिया कुटुंबाच्या दानातून इमारती उभ्या राहिल्या, त्या गिरणगावात, कामगारांच्या घरांजवळ. चालू खर्चाचा मोठा भार मात्र महापालिका आणि राज्य शासन यांच्या अनुदानावर राहिला. हे अनुदान थकले, वाद वाढला, आणि जानेवारी २०२० मध्ये रुग्णालय बंद पडते की काय अशी वेळ आली. लोक रस्त्यावर उतरले, उच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागले, तेव्हा कुठे निधी मिळाला. इमारत जागेवर होती, खाटा होत्या, डॉक्टर होते. अडले होते ते दर महिन्याच्या पैशापाशी.

त्याच परळमधले टाटा मेमोरियल रुग्णालय टाटांच्या ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू केले. १९५७ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ते हाती घेतले आणि १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे आले. पाया ट्रस्टने घातला, पुढचा खर्च कोण करणार हेही कालांतराने पक्के झाले. म्हणून देशभरातले कर्करुग्ण आजही तिथे येतात.

एवढ्या मोठ्या संस्थांना जो प्रश्न सुटला नाही, तो आपल्या छोट्या दवाखान्याला आपोआप कसा सुटेल? तो आधीच विचारावा लागतो.

कंपन्यांचा पैसा कुठून येतो?

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजोपयोगी कामावर खर्च करावी लागते. यालाच सीएसआर म्हणतात. निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एक अट लागू झाली तरी कंपनीवर ही जबाबदारी येते. आरोग्य, स्वच्छता, पिण्याचे पाणी आणि झोपडपट्टी विकास ही कामे त्यात बसतात. कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही कायद्यात आहे. म्हणून आपल्या वस्तीजवळच्या कारखान्याकडे किंवा गोदामाच्या मालक कंपनीकडे अर्ज करण्यात संकोच नको. हा पैसा कायद्याने समाजासाठी काढलेला आहे.

मात्र कंपनी कोणत्याही मंडळाच्या हाती पैसा देऊ शकत नाही. बाहेरच्या संस्थेकडे सार्वजनिक ट्रस्ट, सोसायटी किंवा कलम ८ ची कंपनी अशी नोंदणी हवी, प्राप्तिकराच्या १२ए व ८०जी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या मान्यता हव्यात, तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. शिवाय १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा अर्ज भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो.

इथे आपल्या संस्थांच्या मनात एक शंका असते: आमची संस्था एका समाजाची, मग ८०जी मिळेल का? एकाच धर्माच्या किंवा जातीच्या लाभासाठी असलेल्या संस्थेला ही मान्यता मिळत नाही, हे खरे. पण अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, मागासवर्ग, महिला आणि मुले यांच्यासाठी काढलेली संस्था यात मोडत नाही, असा खुलासा कायद्यातच आहे. म्हणून ट्रस्टच्या घटनेत उद्देश कोणत्या शब्दांत लिहिले आहेत ते तपासा. विहाराचा ट्रस्ट धार्मिक कामासाठी नोंदला असेल, तर आरोग्याच्या कामासाठी वेगळा ट्रस्ट करणे सोयीचे. सनदी लेखापालाचा सल्ला आधी घ्या.

वस्तू कोणाच्या नावावर?

सीएसआरच्या पैशातून घेतलेली मालमत्ता कंपनी स्वतःच्या नावावर ठेवू शकत नाही. २०२१ च्या नियमांनुसार ती तीन ठिकाणीच राहू शकते: सीएसआर क्रमांक असलेली नोंदणीकृत संस्था, लाभार्थींचा बचत गट किंवा समूह, अथवा शासन-महापालिकेसारखी सार्वजनिक यंत्रणा.

या तिसऱ्या पर्यायाकडे आपले लक्ष क्वचित जाते. वस्तीजवळ महापालिकेचा दवाखाना असेल, तिथे डॉक्टर व तंत्रज्ञ असतील आणि फक्त यंत्र नसेल, तर ते यंत्र त्या दवाखान्याला द्या अशी मागणी आपण करू शकतो. पगार महापालिकेचा, यंत्र कंपनीचे आणि उपयोग वस्तीला. पाटीवर आपल्या मंडळाचे नाव लागणार नाही, एवढेच.

वस्तू ट्रस्टच्या नावावर येणार असेल तर ती एखाद्या अध्यक्षाच्या किंवा कार्यकर्त्याच्या नावावर कधीही घेऊ नका. रुग्णवाहिकेची नोंदणीही संस्थेच्याच नावाने हवी. स्थावर मालमत्ता आली तर ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज करावा लागतो. पुढे ती विकायची किंवा दीर्घ मुदतीने भाड्याने द्यायची झाली तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. हे बंधन आपल्या हिताचे आहे. समाजाची मालमत्ता चार जणांनी परस्पर विकू नये म्हणून ते आहे.

खोली बांधून मिळणार असेल तर आधी जमीन कोणाची हे पाहा. वस्तीचा पुनर्विकास तोंडावर असेल तर बांधकामापेक्षा उचलून नेता येईल असे साहित्य मागावे.

यंत्राआधी परवाना आणि माणूस

सोनोग्राफी यंत्र नुसते आणून ठेवता येत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याखाली केंद्राची नोंदणी असल्याशिवाय ते केंद्राला कोणी विकू किंवा देऊ शकत नाही. एक्स-रे यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. सुया, कापूस, रक्ताने माखलेल्या पट्ट्या नेहमीच्या कचऱ्यात टाकता येत नाहीत. त्यासाठी जैववैद्यकीय कचरा उचलणाऱ्या केंद्राशी करार हवा.

खर्चाचा अंदाजही आधी घ्या. साखर तपासण्याचे छोटे यंत्र एकदाच घ्यावे लागते, पण प्रत्येक तपासणीला नवी पट्टी आणि नवी सुई लागते. आठवड्याला ६० जण आले तर चार आठवड्यांत २४० पट्ट्या आणि २४० सुया झाल्या. डायलिसिस यंत्राची गोष्ट याहून मोठी. चार तासांच्या एका डायलिसिसला साधारण १२० लिटर शुद्ध केलेले पाणी लागते. ज्या वस्तीत नळाला तासभर पाणी येते तिथे आधी पाण्याची सोय करावी लागेल.

म्हणून देणाऱ्याला मोकळेपणाने सांगा: यंत्राबरोबर तीन वर्षांची देखभाल आणि तंत्रज्ञाचे मानधनही प्रकल्पात धरा. सीएसआरमध्ये एकाहून अधिक वर्षे चालणारा प्रकल्प घेता येतो. आपण मागितले नाही तर तो खर्च कोणी आपणहून धरणार नाही.

आधीच दिलेल्या मदतीवरचा हक्क

नवी मदत मागताना जुनी विसरू नये. राज्यातल्या अनेक धर्मादाय रुग्णालयांना शासनाकडून जमीन, करसवलत अशी मदत मिळालेली आहे. ती तुमच्या-आमच्या पैशातूनच गेली. त्याच्या बदल्यात कलम ४१एए आणि उच्च न्यायालयाने ठरवून दिलेल्या योजनेप्रमाणे या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखून ठेवाव्या लागतात. शिवाय रुग्णांच्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. रेशनकार्ड किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घरात तयार ठेवा. रुग्णालयात गेल्यावर वैद्यकीय समाजसेवकाला भेटून “धर्मादाय खाट हवी” असे स्पष्ट सांगा. नकार मिळाला तर तो लेखी मागा आणि धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करा.

समितीच्या बैठकीसाठी सहा प्रश्न

१. वस्तीत कोणत्या आजाराचे रुग्ण जास्त आहेत? आशाताई आणि महिला मंडळाला विचारले का?
२. ही सोय जवळच्या सरकारी दवाखान्यात होऊ शकते का?
३. वस्तू कोणाच्या नावावर राहील?
४. कोणते परवाने लागतील?
५. चालवणारा माणूस कोण, त्याला पैसे कोण देणार?
६. देणारा निघून गेल्यावर चौथ्या वर्षी खर्च कोण उचलणार?

ही उत्तरे एका कागदावर लिहा, बैठकीत सर्वांसमोर वाचा आणि त्यावर महिलांच्याही सह्या घ्या. सहाव्या प्रश्नासमोरची जागा कोरी राहिली, तर देणाऱ्याला नम्रपणे सांगा की आम्हाला आणखी थोडा वेळ हवा. तेवढ्याने चांगला देणगीदार रागावत नाही. उलट, हे लोक हिशेबाने चालतात हे त्याला कळते, आणि पुढची मदत त्याच विश्वासावर मिळते.